दोन मोजून अंधार

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलेल्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचायची नाही, कारण ती मोठ्या आवाजात सांगता येत नाही. एक मुलगी, तिची वही आणि एक म्हातारा नट, एवढाच कारभार आहे. यात दुष्ट माणूस शोधू नका, सापडणार नाही. भगवंताच्या कृपेने सगळी आपल्यासारखीच माणसे आहेत, आणि म्हणूनच सांगताना जीभ जड होते.

टाचणी गुडघ्यांवर बसून लाकडी लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याच्या, कडेला रेडियमची पट्टी चिकटवत होती. अंगठ्याने दाबायची, नखाने कड बसवायची आणि वीतभर पुढे सरकायचे. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. रंगमंचावर ती आणि आबा, दोघेच. लेव्हल कमरेइतकी उंच, खाली उतरायला चार पायऱ्या आणि डाव्या हाताला कठडा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, बापाचे काम करणारे आबा इथे उभे राहून मुलीला म्हणत, "दार लावून घे," आणि दिवे जात. काळोखात चार पायऱ्या उतरून त्यांनी विंगेत निघून जायचे. तिथे बापाचे काम संपे.

रंगमंच व्यवस्थापन शिकणाऱ्या चौघांपैकी टाचणी एक. नाट्यशाळेतले तिचे हे दुसरे आणि शेवटचे वर्ष. कॉलरला कायम चार टाचण्या खोचलेल्या असत म्हणून हे नाव पडले, असे तिच्या बाजूची मंडळी सांगत. टोचते म्हणून पडले, असे बाकीची. आबा बाहेरचे. विद्यार्थ्यांच्या नाटकात पिकल्या केसांचे काम असले की शाळा त्यांना बोलावून घेई.

"आबा, दिवे घालवते हं. पट्टीच्या खुणेने उतरून बघा."

तिने विंगेतले बटण दाबले. पट्टी हिरवी उजळली. कड, पायऱ्या, सगळे आखल्यासारखे स्पष्ट दिसू लागले.

"चला."

कुणी हलले नाही.

"चला ना, आबा."

"अगं, आधी पट्टी तर लाव. मग चालतो."

तिने पुन्हा बटण दाबले. आबा होते तिथेच उभे होते, दोन्ही हात पुढे केलेले, परक्या घरात पाणी शोधायला उठलेल्या माणसासारखे. पट्टी त्यांच्या चपलेला लागूनच होती.

"कधीपासून?" टाचणीने विचारले.

"तीन वर्षं झाली." आबा पायरीवर बसले. "उजेडात बघ, घारीची नजर आहे. अंधार झाला की दुकान बंद. डॉक्टर म्हणाला, डोळ्याचा पडदा गेलाय. म्हटलं, आमची सगळी हयात पडद्याच्या भरवशावर गेली, आता तोच गेला म्हणता!"

ती हसली नाही.

"बाईंना सांगायला हवं."

"सांग की. उद्या माझ्या जागी कोणाला उभं करायचं तेही सांग." मग त्यांचा आवाज उतरला. "पोरी, सून चांगली आहे माझी. वेळच्या वेळी ताट वाढते. पण घरात मी खुर्ची आहे गं. कोपऱ्यात असते, कुणी पुसतं, कुणी त्यावर कपडे टाकतं. इथं मी बाप आहे. अंधारात दिसत नाही म्हणून एकदा बोभाटा झाला ना, की उजेडातली कामंसुद्धा जातील."

टाचणी पट्टीचे रीळ बोटात फिरवत राहिली.

"तुझं काम एवढंच," आबा म्हणाले. "माझा हात कठड्याला लागेस्तोवर दिवे घालवायचे नाहीत. हात टेकला की पुढचं मी बघतो, चार पायऱ्या काय, झोपेत उतरेन. तू वर दिव्यांच्या केबिनमध्ये असतेसच. फक्त वहीत लिहू नकोस."

वहीत लिहू नकोस म्हणणे सोपे होते. ती वही म्हणजे काय, हे आबांना ठाऊक नव्हते.

बाई रंगमंच व्यवस्थापन शिकवत. चाळीस वर्षे पडद्यामागे काढलेल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितले होते, "वही अशी हवी, की तुम्ही आज मेलात तरी उद्याचा पडदा वेळेवर वर जाईल." वहीत चार रकाने. पहिल्यात संवादाचा शब्द, दुसऱ्यात इशारा, तिसऱ्यात काम, चौथ्यात कारण. कारण नसलेल्या ओळीवर बाई लाल रेघ मारत. एकदा एका मुलाने कारणाच्या रकान्यात 'अंदाज' असे लिहिले होते. बाईंनी त्याला वर्गासमोर उभे केले आणि दोन तास अंदाजाने उभे राहायला सांगितले. तो मुलगा आता कुठे आहे, कुणाला माहीत नाही.

आणि बाईंची एक परीक्षा होती, तिची तारीख वेळापत्रकात नसे. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एकेक नाटक मिळे. त्या नाटकाच्या तालमींपासून चौघांतल्या एकाला मुद्दाम दूर ठेवत. मग कुठल्यातरी प्रयोगाला, दुसऱ्या घंटेच्या सुमारास, बाई केबिनमध्ये येत, खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "तू मेलीस." मेलेल्याने वही तिथेच सोडून उठायचे, प्रेक्षकांत जाऊन बसायचे आणि तोंड उघडायचे नाही. ज्याने नाटक पाहिलेले नाही, त्याने फक्त वही वाचून ते चालवायचे. नटांना याची गंधवार्ताही नसे. नाटक बिनचूक उतरले, तर मेलेला पास.

वर्षअखेरीस एका फिरत्या नाटक कंपनीचे व्यवस्थापक येत आणि चौघांतून एकाला उचलून नेत. बाकीच्यांना पदवी मिळे.

टाचणीला नुसती पदवी नको होती. पदवी घेऊन घरी गेली असती, तर ताईच्या नवऱ्याच्या दुकानात उभे राहायचे ठरलेलेच होते. आई दर आठवड्याला फोनवर विचारी, "पडदे वरखाली करायला दोन वर्षं लागतात? आपल्याकडे खिडक्यांना आहेत, ये आणि करून दाखव." वडील मागून म्हणत, "राहू दे गं, पोरीला हौस आहे." त्या हौस शब्दाने तिला आईच्या टोमण्यापेक्षा जास्त लागे.

तिने वाट काढली. आबांचा हात टेकेपर्यंत ती तालमीत दिवे धरून ठेवी. बोलणे संपून अंधार होईपर्यंत एक पोकळी पडे. एका तालमीत दिग्दर्शकाने मांडीवर थाप मारली. "वा! त्या थांबण्यात काय जीव आहे! तो विराम तसाच ठेवा." त्या दिवशी तिने वहीत स्वच्छ अक्षरात लिहिले. शब्द: दार लावून घे. इशारा: दिवे. काम: दोन मोजून अंधार. कारण: दिग्दर्शकांना विराम हवा.

बाईंनी ती ओळ वाचली आणि पान उलटले. लाल रेघ नाही.

केबिनमध्ये बसून टाचणी दिवे मात्र आकड्यावर घालवत नव्हती. ती हात बघत होती. बहुतेक वेळा दोनच लागत. एकूण नऊ वेळा तो प्रवेश झाला, त्यांत सात वेळा दोन. एकदा तीन. एकदा चार, कारण आबांच्या सदऱ्याची बाही खिळ्यात अडकली होती. हा हिशेब तिने कुठेही लिहिला नाही, पण तो तिला पाठ होता.

तिसरा प्रयोग दुपारचा होता. पाचव्या रांगेत कंपनीचे व्यवस्थापक येऊन बसल्याची बातमी सगळ्या विंगांत फिरली होती. दुसरी घंटा झाली. टाचणीने कानाला हेडफोन लावला, पेन्सिल उजव्या हाताला ठेवली आणि पाठीमागे दार वाजले.

खांद्यावर हात पडला. हात गार होता.

"तू मेलीस," बाई म्हणाल्या.

त्यांच्या मागे मोजपट्टी उभा होता. चौघांतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात काटेकोर मुलगा. घड्याळ न बघता मिनिट सांगे आणि ते खरे निघे. तो खुर्चीत बसला, हेडफोन लावला, वही जवळ ओढली. मग हळूच म्हणाला,

"काही खाचखळगा?"

"मेलेल्यांना विचारत नाहीत," बाई म्हणाल्या.

टाचणीचा हात अजून वहीवर होता. तोंड उघडले असते तर तिथल्या तिथे नापास. आणि बोलायचे ते काय? नटाला दिसत नाही, हे बाईंच्या समोर? मग आबांचा तो शेवटचा प्रयोग. सात वेळा दोन, तिने मनात म्हटले. नवांतून सात. तिने हात उचलला.

बाईंनी तिला आपल्या शेजारी, आठव्या रांगेत बसवले.

पहिला अंक बिनचूक गेला. आपले नाटक आपल्याशिवाय चालताना बघणे हा एक विचित्र अनुभव असतो. प्रत्येक दिवा वेळेवर येत होता. तिच्या हस्ताक्षराप्रमाणे माणसे उभी राहत होती, खुर्च्या सरकत होत्या. पाचव्या रांगेतल्या माणसाने एकदा मागे वळून केबिनच्या काचेकडे पाहिले आणि मान डोलावली. खरे सांगायचे तर तेव्हा तिला आनंद झाला. तो लपवून काय करू?

दुसऱ्या अंकात आबा असे बोलले, की सभागृह गार झाले. मुलीला घराबाहेर न जाऊ देणारा, आणि मग स्वतःच निघून जाणारा बाप. एका वाक्यावर टाळ्या पडल्या. आबा थांबले, टाळ्या ओसरू दिल्या. पाठ ताठ झाली होती, चेहऱ्यावर तेज होते. लेव्हलवर चढताना ते सावकाश चढले. राजासारखे.

"दार लावून घे."

बोलून ते वळले. वळताना त्यांची नजर एकदा वर, केबिनच्या काचेकडे गेली. बाकी कुणाला ते कळण्यासारखे नव्हते. मग डावा हात कठड्याकडे निघाला, घाई नसलेला, भरल्या पोटी निजायला निघालेल्या माणसासारखा.

एक. दोन.

हात कठड्यापासून वीतभर लांब होता. अंधार झाला.

टाचणी मोजत राहिली. तीन म्हणायच्या आत आवाज आला. लाकडावर काहीतरी जोरात आदळल्याचा. बापाने दार लावून घे म्हटले होते, त्यामुळे लोकांना वाटले, दार आपटले. पुन्हा टाळ्या पडल्या, मघाच्यापेक्षा मोठ्या.

ती उठली. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस. मेली आहेस तू."

ती बसली. माझ्या माणसांनो, हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही. ती बसली, आणि तिसरा अंक चाळीस मिनिटांचा होता, तो तिने पूर्ण पाहिला. शेवटी सगळे नट हात धरून नमस्काराला पुढे आले. मुलगी झालेल्या नटीचा उजवा हात मोकळा होता. तिथे आबा उभे राहत.

खुब्याचे हाड मोडले होते. मुलांनी त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मधल्या अंधारातच उचलून मागच्या दाराने नेले होते. नेताना त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही, नाटक चालू होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे वर्गात बसले. कंपनीचे व्यवस्थापक खिडकीपाशी चहा घेत होते. बाईंच्या समोर वही उघडी होती.

"तू किती मोजलेस?"

"दोन," मोजपट्टी म्हणाला. रात्रभर झोप लागलेली नव्हती, ते दिसत होते.

"वहीत किती आहेत?"

"दोन."

"मग हातून चूक झाली का तुझ्या?"

त्याने वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

"नाही झाली," बाईंनीच उत्तर दिले. मग त्या टाचणीकडे वळल्या. "दोनच का? तीन का नाहीत?"

वर्गातला पंखा करकरत होता. व्यवस्थापकांनी कप बशीत ठेवला आणि तेही तिच्याकडे बघू लागले. हीच ती वेळ होती, श्रोतेहो. दार उघडे होते आणि देव उंबऱ्यावर उभा होता.

"दिग्दर्शकांना तेवढाच विराम हवा होता," टाचणी म्हणाली.

आबांचे गुपित राखते आहे, असे तिने स्वतःला सांगितले. त्यात खोटे काहीच नव्हते, म्हणून ते लगेच पटले.

"ठीक." बाईंनी वही मिटली. "वहीत चूक नाही. वाचणाऱ्याची चूक नाही. नट उशिरा हलला. वयस्कर माणसं घ्यायची की नाही, हे पुढच्या वर्षी ठरवू." आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदाच, त्या तिच्याकडे बघून थोड्याशा हसल्या. "अशी वही मी फार दिवसांनी पाहिली."

व्यवस्थापकांनी विचारले, "सोमवारी निघता येईल?"

बाहेर व्हरांड्यात मोजपट्टीने तिला गाठले.

"ऐक ना. माझे दोन बरोबर होते ना? घाईत तर नाही ना मोजले? मी काल घरी घड्याळ लावून पन्नास वेळा मोजून पाहिलं."

"बरोबर होते."

"नक्की?"

"नक्की. तुझं काहीच चुकलं नाही."

त्याने मान हलवली, पण तो गेला नाही. तिथेच उभा राहून बोटांच्या पेरांवर मोजत राहिला. तीच निघून गेली.

शनिवारी ती इस्पितळात गेली. वॉर्डच्या दारातच सून भेटली, हातात रिकामी बाटली. "डॉक्टर म्हणाले, आता उभं राहणं कठीण," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांना सांगितलं नाही अजून. तुम्हीही बोलू नका." आणि ती पाणी आणायला गेली.

आबांचा पाय दोरीने ताणून बांधला होता, दोरीच्या टोकाला पलंगाखाली वजन लोंबत होते. चेहरा सुकला होता, पण केस व्यवस्थित विंचरलेले.

"आलीस? ये. तिकडून ये, पायाशी नको, माझा लोलक लावलाय."

ती स्टुलावर बसली.

"आबा, त्या दिवशी..."

"काही सांगू नकोस. मला ठाऊक आहे काय झालं ते."

टाचणीने पिशवी छातीशी धरली. आत कंपनीचे पत्र होते.

"माणसाचा डोळा लवतो गं," आबा म्हणाले. "शंभर इशारे सांभाळायचे, एखाद्या वेळी नजर हलणारच. मी काय कधी वाक्य विसरलो नाही? बाई येऊन गेल्या. त्यांना म्हटलं, पाय घसरला, वय झालं. तुझं नाव ओठांवर येऊ दिलं नाही मी. तू अजिबात मनाला लावून घेऊ नकोस."

"मी..." ती म्हणाली.

"आणि खरं सांगू का, मीही रेंगाळलोच. टाळ्या पडल्या ना! म्हटलं, आज जरा सावकाश. वर तू बघत असताना घाई कसली?"

पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकला. टाचणीने तोंड उघडले होते, ते तसेच राहिले. वर मी नव्हते. एवढेच तीन शब्द होते. ते बोलले असते तर मग मोजपट्टी कोण, वहीत दोन का, हे सगळेच सांगावे लागले असते.

आबांनी मान थोडी उचलली, वॉर्डच्या दाराकडे पाहिले आणि आवाज बारीक केला.

"वहीत लिहिलं नव्हतंस ना?"

"नाही."

"कुठंच?"

"कुठंच नाही, आबा."

त्यांनी मान पुन्हा उशीवर टेकली. सगळा चेहरा सैल झाला.

"बरं केलंस. शहाणी आहेस. लिहिलं असतंस, तर आज मी संपलो असतो." मग म्हणाले, "दोन महिने, फार तर तीन. मग काठी. म्हाताऱ्याच्या कामाला काठी शोभूनच दिसते. तू त्या मोठ्या कंपनीत चाललीस म्हणे?"

"सोमवारी."

"वा! आता माझीही झाली की तिकडे ओळख!" त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते हात गरम होते. "एखाद्या बापाचं काम निघालं, लहानसं असलं तरी चालेल, तर माझं नाव काढ हो."

"काढीन."

"विसरशील."

"नाही विसरणार."

सून पाणी घेऊन आली. टाचणी उठली, वाकून आबांच्या पायाला हात लावायला गेली आणि ताणलेली दोरी बघून मागे झाली. सोमवारी ती गेली. त्यानंतर ती आबांकडे पुन्हा आली नाही.

उठण्याआधी एक मागणे आहे. टाचणीला विसरलात तरी चालेल. तिचे चांगले चालले आहे, देव तिला सुखी ठेवो, हे मी मनापासून म्हणतो. बाईंचा राग मनातून काढून टाका. पण आज दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकाल, तेव्हा त्या म्हाताऱ्याला घडीभर मनात जागा द्या. पावणेदोन वर्षे तो त्या खाटेवर आणि मग घरच्या कोपऱ्यात पडून होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्या पोरीचे कौतुक सांगे आणि तिची झालेली चूक मात्र कधी सांगत नसे. जी चूक तिने केलीच नव्हती, ती त्याने अशी शेवटपर्यंत झाकून ठेवली. खरे काय ते त्याला कुणी सांगितले नाही. त्याची तेवढी आठवण ठेवा.